पाटण्याचा सुभेदार, ब्रायटनचा व्यावसायिक

सैनिकाच्या आयुष्याचा पूर्वार्ध इतिहासाच्या वाट्याला येतो आणि उत्तरार्ध त्याच्या घरच्यांच्या. लढाया, कूच, बढत्या आणि जखमा यांची नोंद दप्तरांत राहते. पण कमरेचा पट्टा सोडून ठेवल्यावर तोच माणूस कोणत्या गावी जाऊन राहिला, त्याने कोणता धंदा काढला, तो चालला की बुडाला, शेजाऱ्यांनी त्यास आपला मानले की नाही, हे विचारण्याची आपल्या इतिहासलेखनास फारशी सवय नाही. वास्तविक माणसाची खरी कसोटी पुष्कळदा या उत्तरार्धातच लागते. फौजेत असताना त्याच्यामागे सरकारचे बळ असते, अंगावर गणवेश असतो, तोंडात हुकूम असतो. दुकान मांडून बसल्यावर यांपैकी काहीच उरत नाही. समोरून जाणारा माणूस आत येईल किंवा न येईल. त्याला आत येण्याचा हुकूम देता येत नाही.

अशाच एका निवृत्त सैनिकाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. त्याचे नाव शेख दीन महंमद. जन्माने तो पाटण्याचा, पेशाने प्रथम ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेतील सुभेदार आणि नंतर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन या गावचा एक नामांकित व्यावसायिक. इंग्रजी भाषेत पुस्तक लिहून प्रसिद्ध करणारा पहिला भारतीय म्हणून त्याचे नाव अलीकडे अभ्यासकांच्या ओठी येते. ते योग्यच आहे. तथापि आमचे लक्ष त्याच्या लेखनापेक्षा त्याच्या दुकानाकडे अधिक वेधले जाते. घरदार सोडून परमुलखात गेलेल्या माणसाजवळ विकण्याजोगे भांडवल कोणते असते, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या आयुष्याने दिले आहे, आणि ते सर्वस्वी गोड नाही.

दीन महंमदाचा जन्म इ. स. १७५९ मधला. प्लासीची लढाई होऊन दोन वर्षे झाली होती. तो पाच वर्षांचा असताना बक्सरची लढाई झाली, आणि सहाव्या वर्षी बंगाल, बिहार व ओरिसा या प्रांतांची दिवाणी कंपनीच्या हाती गेली. म्हणजे वसुलाचा अधिकार गेला. आणि वसूल करावयाचा तर शिपाई हवेत, म्हणून बंगाल फौज वाढू लागली. आपले घराणे मुर्शिदाबादच्या नबाबांच्या नात्यातले असल्याचे दीन महंमद सांगतो. ते कसेही असो, बापाने कंपनीच्या फौजेत चाकरी धरली होती एवढे खरे. दुष्काळाच्या त्या काळात थकलेला वसूल देण्यास नाकारणाऱ्या जमीनदारांवर धाडलेल्या तुकडीबरोबर तो गेला आणि चकमकीत मारला गेला. बापाची जागा थोरल्या मुलास मिळाली. धाकटा घरी आईजवळ राहिला.

परंतु तो राहिला फार थोडे दिवस. पाटण्याच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बैठकी, त्यांचे तंबू, त्यांचे घोडे यांनी या पोराचे मन ओढून घेतले होते. आयर्लंडमधील कॉर्क गावचा गॉडफ्रे इव्हान बेकर नावाचा एक तरुण त्याच सुमारास फौजेत नव्याने भरती होऊन आला होता. १७६९ मध्ये अवघ्या दहा-अकरा वर्षांचा दीन महंमद त्याच्या आश्रयास गेला. आई त्याला परत न्यावयास छावणीत आली, परंतु तो परतला नाही. पुढे पंचवीस वर्षांनी परदेशात बसून लिहिताना त्याने हा प्रसंग टाळलेला नाही. आईचे दुःख त्याला ठाऊक होते आणि तरीही आपले मन छावणीतच होते, हे त्याने सांगून टाकले आहे.

यानंतरची तेरा वर्षे कुचाची. बंगाल फौजेच्या ब्रिगेडी गंगेच्या काठाने खालीवर फिरत असत: पाटणा, मोंगीर, बऱ्हाणपूर या नावाशी साम्य असलेले बंगालमधील बेऱ्हामपूर, कलकत्ता, आणि पुन्हा वर काशीपर्यंत. फौजेमागून तिच्याहून मोठा बाजार चालत असे. धान्य, तेल, लाकूड, बैल, भिस्ती, धोबी, न्हावी, चंपी करणारे हे सर्व त्या बाजारात होते. दीन महंमद प्रथम बेकरच्या खासगीत होता; पुढे छावणीच्या बाजाराची व रसदीची व्यवस्था त्याच्याकडे आली. बेकरला पलटणीचे आधिपत्य मिळाल्यावर १७८१ मध्ये तो जमादार झाला आणि लवकरच सुभेदार. त्याच वर्षी वॉरन हेस्टिंग्जच्या पैशाच्या मागणीवरून काशीचा राजा चेतसिंग याच्याशी कंपनीचे युद्ध जुंपले. त्या मोहिमेत तो होता. १७८२ मध्ये गावकऱ्यांकडून पैसे उकळल्याच्या आरोपावरून बेकरला मोहिमेवरून परत बोलावण्यात आले. बेकरने राजीनामा दिला, आणि त्याच्याबरोबर दीन महंमदानेही. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याची सैनिकी कारकीर्द संपली.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो बाजूस सारून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ज्या फौजेने एकेक करून आपली राज्ये बुडविली, त्या फौजेतल्या सुभेदाराचा गौरव आपण करावा काय? त्या काळी आजच्या अर्थाने राष्ट्र ही कल्पना शिपायांपुढे नव्हती, ज्याचे मीठ खावे त्याची चाकरी करावी हाच धर्म होता, हे उत्तर खरे आहे. पण ते अपुरे आहे. कारण दीन महंमद हा डोळे मिटून चाललेला शिपाई नव्हता. राजमहालच्या डोंगरी लोकांना फौजेने दिलेल्या क्रूर शिक्षा त्याने पाहिल्या आणि लिहून ठेवल्या. काशीच्या युद्धाचे वर्णन करताना विजयाच्या आनंदापेक्षा उजाड झालेल्या मुलखाचे दुःख त्याच्या लेखणीतून अधिक उतरते. त्याला दिसत होते, आणि तरी तो चाकरी करीत होता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. त्यांतली एक पुसून दुसरीचाच गौरव करणे म्हणजे चरित्र न लिहिता प्रशस्तिपत्र लिहिणे होय.

१७८४ मध्ये तो बेकरबरोबर समुद्र ओलांडून कॉर्कला पोचला. इंग्रजांच्या देशात जाणारा तो पहिला भारतीय अर्थातच नव्हे. जहाजांवरचे लष्कर म्हणजे खलाशी, साहेबांच्या मुलांबरोबर गेलेल्या आया, खानसामे असे कितीतरी लोक त्यापूर्वी तेथे पोचले होते. मराठी वाचकास हे ठाऊक असेल की, तीनच वर्षांपूर्वी, १७८१ मध्ये, रघुनाथराव पेशव्याचे वकील हणमंतराव आणि त्यांचे पारशी सहकारी लंडनला गेले होते, आणि आचारधर्म सांभाळून राहण्याची त्यांची सोय प्रसिद्ध वक्ता एडमंड बर्क याने आपल्या घरी करून दिली होती. परंतु वकील काम आटोपून परतले. खलाशी नवे जहाज मिळेपर्यंत थांबत. दीन महंमद मात्र राहण्यासाठी गेला होता.

कॉर्कमध्ये त्याने इंग्रजी भाषेचा नेटाने अभ्यास केला. १७८६ मध्ये जेन डॅली या आयरिश तरुणीबरोबर त्याने घरच्यांच्या नकळत लग्न केले आणि तेथील प्रॉटेस्टंट पंथाची दीक्षा घेतली. त्याच वर्षी बेकर वारला. ज्याच्या आधाराने तो आला होता तो आधारच गेला; तथापि बेकर कुटुंबाशी त्याचा संबंध टिकून राहिला. १७९४ मध्ये त्याचे प्रवासवर्णन कॉर्क येथे दोन भागांत छापले गेले. एका मित्रास लिहिलेली अडतीस पत्रे, असे त्याचे स्वरूप आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे तीनशेवर वर्गणीदारांनी आगाऊ पैसे भरून त्यास आधार दिला होता. यावरून त्या गावात त्याची पत केवढी होती हे दिसते. पुस्तकातील काही वर्णने आधीच्या इंग्रज प्रवाशांच्या ग्रंथांतून उचललेली आहेत, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. तरीही हिंदुस्थानातील माणसांविषयी हिंदुस्थानातील माणसाने इंग्रजी वाचकांशी समोरासमोर बोलावे, ही गोष्ट त्यापूर्वी घडली नव्हती.

१७९९ मध्ये लखनौचा विद्वान प्रवासी मिर्झा अबू तालिब खान कॉर्कला आला असता त्याची व दीन महंमदाची गाठ पडली. आपल्या फारसी प्रवासवृत्तांत त्याने या पाटणेकराची नोंद केली आहे: त्याची आयरिश पत्नी, देखणी मुले, स्वतंत्र घर, आणि त्याने लिहिलेले पुस्तक. कॉर्कमध्ये त्याला काही उणे नव्हते असेच या नोंदीवरून वाटते. तरीही १८०७ च्या सुमारास, जवळजवळ अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, हे बस्तान मोडून तो कुटुंबासह लंडनला गेला.

लंडनच्या पोर्टमन चौकात तेव्हा हिंदुस्थानातून पैसा करून परतलेल्या कंपनी-अधिकाऱ्यांची वस्ती होती. त्यांना तेथे थट्टेने ‘नबाब’ म्हणत. त्यांपैकी बेसिल कॉक्रेन नावाच्या धनिकाने आरमाराला रसद पुरविण्याच्या मक्त्यांतून मद्रासेकडे मोठी संपत्ती मिळविली होती. त्याने आपल्या वाड्यात वाफेचे स्नानगृह उभारले, आणि दीन महंमद तेथे कामास लागला. वाफेच्या स्नानाला अंग चोळण्या-चेपण्याची जोड त्याने तेथेच दिली असावी.

१८१० मध्ये त्याने स्वतःचे पहिले दुकान काढले. जॉर्ज स्ट्रीटवर, चौतिसाव्या क्रमांकाच्या घरात, ‘हिंदोस्तानी कॉफी हाउस’ या नावाने. नावात कॉफी असली तरी तेथील खरे आकर्षण कॉफी नव्हते. बाहेरच्या दालनात वेताच्या खुर्च्या व कोच, भिंतींवर हिंदुस्थानातील देखावे, उत्तम तंबाखूचे हुक्के ओढण्यासाठी वेगळी खोली, आणि मसाल्यांचे प्रमाण नीट राखून केलेले भात-कालवणाचे जेवण. १८११ च्या मार्चमध्ये लंडनच्या टाइम्स पत्रात त्याने जाहिरात दिली. हिंदुस्थानात राहून आलेल्या सभ्य गृहस्थांनी यावे आणि तेथल्यासारखेच जेवण येथे घ्यावे, असा तिचा आशय. लंडनमध्ये ‘करी’ वाढणारी खाणावळ त्यापूर्वीही होती. पण भारतीय माणसाने स्वतः चालविलेली ही पहिलीच.

बदलीच्या गावी वर्षानुवर्षे काढणाऱ्या आपल्या वाचकांस या धंद्यामागची कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. जिभेला लागलेली चव बदलीच्या हुकुमाने सुटत नाही. येथे गंमत इतकीच की, ज्यांना हिंदुस्थानची आठवण छळत होती ते परतलेले इंग्रज होते, आणि ती शमविणारा हिंदुस्थानी माणूस मात्र स्वतःच्या देशापासून कायमचा दूर होता. कल्पना अचूक होती, हिशेब चुकला. या नबाबांच्या घरी हिंदुस्थानातून आणलेले आचारी होतेच, त्यामुळे जेवावयास बाहेर पडण्याचे त्यांना कारण नव्हते. शहराच्या व्यापारी भागात, गोदीजवळ, कॉफीगृहांना जुने गिऱ्हाईक होते. पोर्टमन चौकात ते नव्हते. सजावटीत भांडवल अडकले. १८१२ मध्ये दीन महंमदाने दिवाळे काढले. खाणावळ दुसऱ्याच्या हाती पुढे बरीच वर्षे चालू राहिली. ज्याने ती उभारली त्याच्या हाती मात्र काही राहिले नाही.

५३ व्या वर्षी, बायकामुलांसह, परक्या राजधानीत दिवाळखोर होणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. १८१३ मध्ये त्याच टाइम्स पत्रात त्याची आणखी एक जाहिरात आढळते. या वेळी ती नोकरीसाठी होती: एखाद्या सद्गृहस्थाच्या घरी खानसाम्याची वा खासगी सेवकाची जागा मिळावी म्हणून. जो कधीकाळी सुभेदार होता, ज्याच्या पुस्तकाचे तीनशेवर आश्रयदाते होते, तो पुन्हा दुसऱ्याच्या घरी चाकरी शोधीत होता. आमच्या मते त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा पराक्रम काशीच्या मोहिमेत शोधू नये. तो या जाहिरातीत आहे. पडल्यावर लाज बाळगीत बसण्याची चैन त्याला परवडण्याजोगी नव्हती आणि ती त्याने केली नाही.

१८१४ मध्ये तो ब्रायटनला आला. एके काळचे हे कोळ्यांचे गाव समुद्रस्नानाच्या वैद्यकीय महात्म्यामुळे आणि युवराज जॉर्ज याच्या मुक्कामामुळे श्रीमंतांचे विश्रामस्थान बनले होते. पुढल्याच वर्षी वास्तुशिल्पी जॉन नॅश याने युवराजाच्या तेथील प्रासादाचा कायापालट आरंभिला आणि घुमट-मिनारांनी नटलेले, हिंदुस्थानी धाटणीचे ते विलक्षण राजगृह उभे राहिले. म्हणजे दीन महंमद ज्या गावात आला त्या गावाला हिंदुस्थानचे वेड लागण्याच्याच बेतात होते. लंडनमध्ये त्याची जागा चुकली होती. येथे जागा आणि वेळ दोन्ही साधल्या.

प्रथम त्याने दुसऱ्याच्या स्नानगृहात नोकरी धरली आणि जोडीला दंतमंजन, केसांचा कलप वगैरे विकले. मग स्वतःचा व्यवसाय मांडला. १८२१ मध्ये अगदी समुद्रासमोर ‘महंमदची स्नानगृहे’ या नावाची भव्य इमारत उभी राहिली. तेथील पद्धत अशी: औषधी वनस्पती घालून काढलेल्या वाफेत रोग्यास प्रथम घाम येऊ द्यावयाचा. मग त्याच्याभोवती फ्लॅनेलचा लहानसा तंबू असे. तंबूला बाह्या शिवलेल्या असत. बाहेर उभ्या असलेल्या चोळणाऱ्याने त्या बाह्यांतून हात आत घालून रोग्याचे सांधे व स्नायू चेपावयाचे. या क्रियेस तो ‘शांपू’ म्हणे. आपल्याकडील ‘चंपी’चे आणि ‘शांपू’चे मूळ एकच, हिंदी ‘चाँपना’ हे क्रियापद. इंग्रजीत हा शब्द त्यापूर्वीच गेला होता, परंतु इंग्लंडच्या घराघरांत तो पोचविला या पाटणेकराने. केस धुण्याचा आजचा अर्थ त्यास पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला. आज बाटलीवर जो शब्द आपण वाचतो तो मुळात छावणीच्या बाजारातला आहे.

संधिवात, लचक, अर्धांग, जडावलेले सांधे यांनी गांजलेले लोक तेथे येऊ लागले. बरे झालेल्या रोग्यांनी मागे ठेवलेल्या कुबड्या प्रवेशदालनात टांगून ठेवल्या होत्या. कोणत्याही जाहिरातीपेक्षा त्यांचा प्रभाव अधिक पडत असे. स्त्रियांच्या विभागाची देखरेख जेन करी, आणि तिच्या वाट्याचे श्रेय आपण विसरता कामा नये; कारण तिच्याविना अर्धे गिऱ्हाईक त्या दारातून आत आले नसते. कित्येक डॉक्टरही आपले रोगी तेथे पाठवीत. राजे चौथे जॉर्ज आणि त्यांच्यामागून चौथे विल्यम या दोघांनी त्यास आपला ‘शांपूइंग सर्जन’ नेमले. लंडनमध्येही एक शाखा निघाली आणि ती मुलाने चालविली.

छावणीच्या रसदीचा अनुभव येथे किती उपयोगी पडला असेल याचा विचार केल्यावाचून राहवत नाही. इंधन, पाणी, वनस्पती, स्वच्छ कपडा, नोकरांच्या पाळ्या, गिऱ्हाइकांच्या वेळा: स्नानगृह चालविणे म्हणजे रोजची एक लहानशी मोहीमच होती. फौजेने त्याला लढावयास शिकविले त्यापेक्षा व्यवस्था ठेवावयास अधिक शिकविले होते.

पण या यशाची एक काळी बाजूही आहे. १८२२ मध्ये त्याने आपल्या उपचारपद्धतीवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, आणि पुढे त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. त्यात त्याने आपला जन्म १७४९ मधला असल्याचे आणि फौजेत जाण्यापूर्वी आपण वैद्यकाचे शिक्षण घेतल्याचे लिहिले. हे खरे नव्हते. १७९४ च्या पुस्तकात त्याने स्वतःच जन्मवर्ष १७५९ दिले होते. बालपणीच छावणीत गेलेल्या मुलाच्या आयुष्यात वैद्यकशिक्षणाला जागाच नव्हती. ती जागा करण्यासाठी त्याने जन्म दहा वर्षे मागे नेला. त्याच्या पहिल्याच पुस्तकाने त्याच्या दुसऱ्या पुस्तकास खोटे पाडावे, हा नियतीचा न्यायच म्हणावयाचा.

या असत्याचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु ते समजून घेणे हे इतिहासलेखकाचे कर्तव्य आहे. ब्रायटनच्या गिऱ्हाइकाला सुभेदार दीन महंमद नको होता. दिवाळे निघालेला खाणावळवाला तर नकोच होता. त्याला हवा होता पूर्वेकडील प्राचीन विद्येचा वृद्ध, गूढ जाणता. आणि दीन महंमदाने त्याला तो पुरविला. परमुलखात गेलेल्या माणसाजवळ विकण्याजोगे भांडवल म्हणजे त्याचा मुलूख. पण गिऱ्हाईक तो मुलूख जसा आहे तसा विकत घेत नाही, स्वतःच्या मनात जसा आहे तसा मागते. कॉफीगृहात त्याने खरा हिंदुस्थान वाढला आणि तो बुडाला. स्नानगृहात थोडा बनविलेला हिंदुस्थान दिला आणि तो तरला. यात दोष केवळ विकणाऱ्याचा नसून घेणाऱ्याचाही आहे. मात्र एवढे लक्षात ठेवावे की, नाव व वय यांत भेसळ असली तरी हातांत भेसळ नव्हती. सुजलेला गुडघा खोट्या वयाने बरा होत नाही. सतत पंचवीस-तीस वर्षे लोक त्या दारी येत राहिले ते त्याच्या चोळण्याने आराम पडत होता म्हणूनच.

पुढे उतार लागला. त्याच्या यशाची नक्कल करणारे प्रतिस्पर्धी निघाले. १८३७ मध्ये गादीवर आलेल्या व्हिक्टोरिया राणीला ब्रायटनची वर्दळ मानवली नाही. राजदरबार तेथून हलला आणि १८५० मध्ये तो प्रासादही गावाने विकत घेतला. त्याहून मोठा आघात घरच्या हिशेबाचा होता. समुद्रासमोरच्या इमारतीत भांडवल एका भागीदाराचे होते. १८४१ मध्ये तो वारल्यावर ती विक्रीस निघाली, आणि ज्याच्या नावाने ती गाजली त्याला ती विकत घेता आली नाही. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी दीन महंमदाने गावातल्याच एका लहान जागी पुन्हा व्यवसाय मांडला. १८५० च्या डिसेंबरात जेन गेली, आणि २४ फेब्रुवारी १८५१ रोजी तोही. सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. तिच्यावरील शिळेत त्याचे वय १०१ दिले आहे. दुकानासाठी वाढविलेली दहा वर्षे मृत्यूनंतरही त्याच्या खात्यावर राहिली. मात्र त्याच शिळेवर त्याचे गाव पाटणा हेही कोरलेले आहे, आणि ते अगदी खरे आहे. ६७ वर्षे परदेशात काढून, तेथला धर्म व तेथली पत्नी स्वीकारून, तेथल्या राजांची चाकरी करूनही पत्ता म्हणून त्याच्या नावापुढे लागले ते पाटणाच.

त्यानंतर विस्मृती आली. मुले निरनिराळ्या व्यवसायांत विखुरली; एकाने ब्रायटनमध्ये तलवारबाजी आणि व्यायाम शिकविण्याची शाळा चालविली. त्या मुलाचा मुलगा फ्रेडरिक अकबर महंमद (१८४९–१८८४) हा लंडनच्या गाय्ज रुग्णालयात वैद्य झाला. नाडीचा आलेख काढणाऱ्या यंत्रात सुधारणा करून त्याने दाखविले की, रक्तदाब वाढणे हे मूत्रपिंडाच्या विकाराचे केवळ लक्षण नव्हे. तो विकार दिसण्यापूर्वीही दाब वाढलेला असू शकतो. उच्च रक्तदाबाच्या अभ्यासाच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाते. पस्तिसाव्या वर्षी विषमज्वराने त्याचा अंत झाला. आजोबाने वैद्यकाची जी पदवी नुसती सांगितली, ती नातवाने अभ्यासाने मिळविली. घराण्याच्या खात्यात ही परतफेडच म्हणावी.

आणखी एक योगायोग सांगण्याजोगा आहे. १९१४ ते १९१६ या काळात, पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणभूमीवर जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठी ब्रायटनच्या त्याच राजप्रासादाचे रुग्णालय करण्यात आले होते. ज्या गावी शंभर वर्षांपूर्वी एका निवृत्त हिंदी सुभेदाराने इंग्रजांचे सांधे चोळून बरे केले, त्या गावी इंग्रज डॉक्टर हिंदी शिपायांच्या जखमा बांधीत होते. त्या वेळी दीन महंमदाची आठवण गावात कोणाला असेल असे वाटत नाही. ती जागी झाली विसाव्या शतकाच्या अखेरीस. मायकेल फिशर या अमेरिकन इतिहासकाराने १९९६ मध्ये त्याचे साधार चरित्र लिहिले, आणि २००५ मध्ये वेस्टमिन्स्टर नगरपालिकेने त्याच्या खाणावळीच्या जागेजवळ स्मृतिफलक लावला. ज्या धंद्यात त्याचे दिवाळे निघाले त्याच धंद्याची पाटी त्याच्या नावे लागावी, हे पाहून तो स्वतः हसला असता.

आता त्याचा गौरव कोणत्या शब्दांत करावा? शूर सेनानी म्हणून नव्हे. त्याच्या फौजेचा विजय आपला विजय नव्हता. राजवैद्य म्हणूनही नव्हे. ती पदवी कृपेची होती आणि तिच्यामागचे शिक्षण कल्पित होते. त्याचा गौरव करावा तो गावातला एक धंदेवाईक म्हणून: ज्याने परक्या गावात रोज सकाळी दार उघडले, गिऱ्हाइकांच्या दुखऱ्या अंगास हात लावण्याइतका विश्वास मिळविला, एकदा सर्व गमावूनही पुन्हा पाटी लावली, आणि बयाऐंशीव्या वर्षी जागा गेली तेव्हा तिसऱ्यांदा लावली. गोऱ्या समाजाने काळ्या हातांवर असा विश्वास ठेवावा ही त्या शतकात सामान्य गोष्ट नव्हती.

असे निवृत्त सैनिक केवळ ब्रायटनलाच झाले असे नाही. मराठी फौजांबरोबर उत्तरेस आणि दक्षिणेस गेलेली कितीतरी घराणी इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, सागर, तंजावर येथे कायमची राहिली. पलटणीतून पेन्शन घेऊन कोणी छावणीच्या गावातच किराणा दुकान काढले असेल, कोणी तालीम, कोणी खाणावळ, कोणी छापखाना. बृहन्महाराष्ट्रातील आपली मंडळे उत्सव साजरे करतात, नाटके बसवितात, ग्रंथालये चालवितात. त्यांनी आपापल्या गावच्या अशा एकेका वृद्धाकडे वही घेऊन जावे, आणि फौज सोडल्यानंतरच्या आयुष्याची हकिकत त्याच्या तोंडून उतरवून घ्यावी, अशी आमची विनंती आहे. त्यात बुडालेल्या दुकानाचीही नोंद असावी आणि वाढवून सांगितलेल्या वयाचीही. दीन महंमदाला स्वतः लिहिता येत होते म्हणून तो आपल्या हाती लागला. ज्यांना लिहिता आले नाही त्यांचे काम आपल्याला करावे लागेल, आणि ते त्यांच्या हयातीतच करावे लागेल.